पेगी कुणाकडे

ब्रिनामन,
२ मार्च २०२४

प्रिय मेना,

फोनच करणार होतो. पण गेल्या ख्रिसमसला मी फोनवर "तब्येत कशी आहे?" विचारलं आणि तू "पावणेचार" म्हणालीस, तेव्हापासून तो नाद सोडला. म्हणून हे पत्र. कान कसे आहेत ते लिहूनच कळव.

काम छोटंसं आहे. अ‍ॅमनफर्डच्या बाहेर नवी शाळा बांधतायत. तिथले पायाचे चर, ड्रेनेजच्या लाइनी, सगळी खोदाई माझ्याकडे आहे. मी आणि पेगी. सोळा वर्षांची पोकलेन आहे, पण आजही नव्या मशीनांना लाजवते. दर महिन्याचं बिल तू शिकवलंस तसंच करतो: एका ओळीत मजुरी, दिवसाचे एकशे सत्तर पौंड, आणि दुसऱ्या ओळीत मशीनचं भाडं, दिवसाचे एकशे तीस. म्हणजे कंपनी वीस टक्के कर मजुरीवरच कापते आणि भाड्याला हात लावत नाही. वर्षभर असंच चाललं होतं, कुणी हूं की चूं केलं नाही.

आता बिलं पास करायला एक नवी बाई आली आहे, मिस टॅल्बट. वय सव्वीस, समोर दोन कॉम्प्युटर आणि एक भुवई कायम वर. मला म्हणाली, "मिस्टर प्रॉसर, हे मशीन तुम्ही कुणाकडून भाड्याने घेता?" मी म्हटलं, "कुणाकडून म्हणजे काय? माझंच आहे." त्यावर दुसरी भुवईही वर गेली. "मग भाडं कुणाला देता?" मी लगेच सावरून घेतलं. "म्हणजे घरचंच हो. माझ्या भावजयीचं."

तर आता तिला कागद हवा आहे, एकतीस मार्चच्या आत. नाही दिला तर पूर्ण बिलावर कर कापणार, आणि शाळेचा दुसरा टप्पा निघेल त्यात माझं नाव नसणार. तीन वर्षांचं काम आहे, मेना. चौपन्नाव्या वर्षी असं काम पुन्हा चालत दाराशी येत नाही.

मजकूर मी तयार केलाय, मागे जोडलाय. "मी, श्रीमती मेना प्रॉसर, माझ्या मालकीचं खोदाईचं मशीन श्री. गेथिन प्रॉसर यांना दररोज एकशे तीस पौंडांनी भाड्याने देत आहे." खाली सही कर आणि तारीख गेल्या एप्रिलची टाक. पेगी माझी आहे हे तुलाही ठाऊक आहे नि मलाही. एम्रिस जाताना भावाच्या नात्याने तीच माझ्या हाती देऊन गेला. कागदापुरती ती तुझी होऊ दे, एवढंच.

परतीचं पाकीट तिकीट लावून ठेवलंय.

तुझा दीर,
गेथिन

---

अबेरायरन,
६ मार्च

प्रिय गेथिन,

कान गेले आहेत, डोकं जागेवर आहे. तुझं पाकीट तिकिटासकट पोचलं, त्यातूनच हे उत्तर पाठवतेय, म्हणजे ते वाया गेलं असं नको.

सही करणार नाही.

आता कारण. बावीस वर्षं प्रॉसर ब्रदर्सची बिलं मी लिहिली. तुम्ही दोघं चिखलाचे बूट घालून माझ्या स्वयंपाकघरात यायचात आणि सिगारेटच्या पाकिटाच्या मागे आकडे खरडून माझ्यासमोर टाकायचात. तेव्हा मी दर महिन्याला तेच सांगायचे आणि तुम्ही दोघं दर महिन्याला माझे तव्यावरचे केक खाण्यात गुंग असायचात. म्हणून पुन्हा लिहिते. बिलात मजुरी वेगळी, माल वेगळा आणि भाडं वेगळं, हे बरोबर आहे. पण भाडं म्हणजे जे तू दुसऱ्याला खरोखर दिलंस ते. स्वतःचं मशीन म्हणजे तुझाच लांब हात. हाताचं भाडं लावतो का कुणी? स्वतःच्या मशीनचे पैसे मजुरीतच धरायचे आणि त्यावर कर कापू द्यायचा. वाटलं तर डिझेल वेगळं दाखव, त्याची पावती असते. एकशे तीस पौंड तू कुणाला देत होतास? उजव्या खिशातून डाव्या खिशाला?

आणि तू मला लिहायला सांगतोस ते ऐक. पेगी तुझी असेल, तर माझा कागद खोटा. पेगी माझी असेल, तर कागद खरा, पण मग वर्षभरात मला भाडं किती दिलंस? एक पेनीसुद्धा नाही. ख्रिसमसला कार्ड आलं, त्यावर रॉबिन पक्षी होता. सात वर्षांत सात कार्डं, त्यातली पाच रॉबिनचीच.

मला एक सांग. एम्रिस नेमकं काय म्हणाला? त्या वेळी हॉस्पिटलच्या खोलीत तू एकटाच होतास. मी खाली पार्किंगचे पैसे भरायला गेले होते, ते तुला आठवत असेल. परत आले तेव्हा तू दाराशी उभा होतास आणि म्हणालास, "पेगीबद्दल बोलला, आणि गेला." त्यापुढे मी काही विचारलं नाही. आता विचारते. शब्द न शब्द लिही. तुझा अर्थ नको, त्याचे शब्द हवेत.

पेगीच्या डाव्या काचेला तडा होता, तो तसाच आहे का?

तुझी भावजय,
मेना

---

ब्रिनामन,
१२ मार्च

मेना,

शाळेतल्या बाईंसारखं पत्र लिहितेस. शेवटी "वळण सुधारा" तेवढं राहिलं.

काच बदलली. दोन वर्षांपूर्वी. साखळ्या नव्या टाकल्या, हायड्रॉलिकचा पंप नवा, सीट नवी, बकेटचे दात तीनदा. सात वर्षांत नऊ हजार पौंड घातले तिच्यात, आणि एकेक पावती बिस्किटांच्या डब्यात आहे. दर शनिवारी ग्रीस. थंडीत इंजिनावर माझी गोधडी. दुसऱ्याच्या मशीनला कुणी गोधडी घालतं का?

तुला त्याचे शब्द हवेत ना? घे. तो म्हणाला, "पेगी आता तुझ्याकडे." मी त्याचा हात धरला होता. डोळे उघडे होते, आवाज स्वच्छ होता. याहून स्पष्ट काय असतं? न्यायाधीशासमोर उभं केलं तरी हेच सांगेन.

मी तुझ्याकडे मोठं काही मागितलं नव्हतं. एक सही. आपल्या माणसासाठी माणूस सही करतो. तू मात्र नवरा गेल्यावर चार महिन्यांत घर विकलंस, फायलींचं खोकं गाडीत टाकलंस आणि समुद्रावर जाऊन बसलीस. मी काही म्हटलं का? नाही. मग आता तिथून मला नियम शिकवू नकोस. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, चर खणायला चिखलात उतरावं लागतं.

तुझ्या सहीवाचून माझं अडत नाही. ग्लिन बेव्हनचं भाड्याने मशीनं देणारं यार्ड आहे. दोन पाइंट बिअरमध्ये तो मला हवा तसला कागद लिहून देईल. तो शब्दांचा कीस पाडत बसत नाही.

गेथिन

---

अबेरायरन,
१५ मार्च

श्री. गेथिन प्रॉसर यांस,

तुमचं पत्र मिळालं. तुम्हाला "तुम्ही" म्हणतेय याचं नवल वाटलं तर वाटू द्या. आपल्या वेल्श भाषेत तेवढी सोय आहे, ती कधीतरी वापरावी. इंग्लिश लोकांना राग आला तरी एकच शब्द.

सोबत बिल जोडलं आहे. आपण बिलांबद्दलच बोलत होतो, म्हणून.

"खोदाईचं मशीन एक, पिवळं, नाव पेगी. फ्रेम नंबर ४४१७-०९३. भाडं: फेब्रुवारी २०१७ पासून आजपर्यंत. वजा: भाडेकरूने केलेल्या दुरुस्त्या, नऊ हजार पौंड. मजुरी: काही नाही. एकूण: लिहिलेलं नाही, कारण तुमच्या हृदयाची मला काळजी आहे."

हसू नका. फ्रेम नंबर मला पाठ आहे, कारण खरेदीची पावती माझ्या समोर आहे आणि ती माझ्या नावाची आहे. माझी आई गेली तेव्हा ट्रेगॅरनचं तिचं घर विकलं, ते पैसे मी पेगीत घातले. एम्रिसने तुम्हाला हे सांगितलं नाही. सासूच्या पैशाने मशीन आलं हे धाकट्या भावाला सांगायची त्याला लाज वाटायची, आणि तो होता तोवर मी त्याची लाज राखली. तो गेल्यावरही राखली. पण आता तुम्ही ग्लिन बेव्हनच्या नावाने माझ्या मशीनचा कागद करायला निघालात, तेव्हा पुरे झालं.

राहिले त्याचे शब्द. "पेगी आता तुझ्याकडे." तुझ्याकडे, गेथिन. तुझी नाही. शेजाऱ्याची शिडी माझ्याकडे आहे, म्हणून ती माझी होते का? मिस टॅल्बट इंग्लिश आहे, तिच्या भाषेत माणसाला वस्तू 'असते' आणि विषय संपतो. आपल्याकडे कुठलीही वस्तू कुणाची तरी असते आणि कुणाकडे तरी असते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एम्रिस तीस वर्षं चर्चमध्ये वाचन करायचा, त्याला शब्द नीट वापरता यायचे. द्यायची असती तर "तुझी" म्हणाला असता. पेगी माझी आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून तो तसं म्हणाला नाही. तुम्ही मात्र सात वर्षं आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलात.

मी भाडं मागितलं नाही. मागायचंही नव्हतं. "मेना, मशीन वापरू का?" एवढं एकदा तरी विचाराल असं वाटलं होतं. घर विकलं ते समुद्र बघायला नाही. त्या घरात रोज सकाळी सात वाजता पेगी फाटकावरून जाताना ऐकू यायची. तेव्हा मला ऐकू यायचं. ती जायची, पण तुम्ही कधी थांबला नाहीत.

आणखी एक लिहिते आणि थांबते. सदतीस वर्षांच्या संसारानंतर माणसाला शेवटच्या घटकेला मशीन आठवलं. मला ते अजून पचलेलं नाही. पण ती तुमची चूक नाही.

ग्लिनचा कागद करायचा असेल तर जरूर करा. फ्रेम नंबर मात्र बरोबर लिहा.

श्रीमती मेना प्रॉसर

---

ब्रिनामन,
३० मार्च

प्रिय मेना,

दोन आठवडे उत्तर दिलं नाही. बसायचो, "प्रिय मेना" लिहायचो आणि उठायचो. आज पूर्ण लिहितो. उद्या ईस्टर आहे, यार्ड बंद आहे, आणि कुठे पळून जायला जागा नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेगी घेऊन ग्लिनच्या यार्डात गेलो. हो, गेलो. राग डोक्यात होता. ग्लिनने कागद लिहून ठेवला होता, शिक्काही मारला होता. म्हणाला, "फ्रेम नंबर तेवढा सांग, बाबा." नंबराची पट्टी केबिनच्या खाली असते. त्यावर एम्रिसनेच कधीतरी पिवळा रंग फासलेला. मी किल्लीने खरवडला. ४४१७-०९३. तुझ्या पत्रातला, आकड्याला आकडा. ग्लिन म्हणाला, "अरे, एखादा आकडा फिरवू, कोण बघतंय!" मी तिथे गुडघ्यावरच बसून राहिलो, नखांत पिवळा रंग. ग्लिनला वाटलं माझी पाठ धरली. कागद तिथेच सोडून आलो. बिअरचे पैसे दिले.

मग मिस टॅल्बटकडे गेलो. सांगून टाकलं की भाडं म्हणून जे लिहीत होतो ते कुणालाच देत नव्हतो, आणि भावजयीने सहीला नकार दिला. मी कबुलीजबाबाच्या तयारीने टोपी काढून उभा होतो आणि ती हसली. म्हणाली, "मिस्टर प्रॉसर, या महिन्यात माझ्याकडे अशा सहा भावजया कागदावर आल्या. भावजय नाही म्हणाली असं सांगणारे तुम्ही पहिलेच." गेल्या वर्षीचा न कापलेला कर माझ्या पुढच्या बिलांमधून वळता होणार. कापलेलं माझ्याच नावावर जमा होतं आणि वर्षाच्या हिशेबात धरलं जातं, हे तूच शिकवलं होतंस, पण उन्हाळा तंगीत जाणार. जाऊ दे. सहा एप्रिलला नवं कर-वर्ष सुरू होतं, तेव्हापासून स्वच्छ बिलं दिली तर दुसऱ्या टप्प्यात माझं नाव राहील असं तिने लिहून दिलंय.

पेगीला मी त्या दिवसापासून हात लावलेला नाही. ती माझ्या यार्डात ताडपत्रीखाली आहे. साइटवर ग्लिनचंच एक मशीन भाड्याने आणलंय, दिवसाला एकशे साठ, खऱ्या पावतीसकट. मेना, काय अवलक्षणी मशीन आहे! हँडलं उलटी. बकेट वर घ्यायला जावं तर ती खाली जाते. पहिल्याच दिवशी पाण्याची लाइन थोडक्यात वाचली, आणि पोरं मला "शिकाऊ" म्हणायला लागली आहेत.

आता खरं लिहायचं ते.

तू त्याचे शब्द मागितलेस, शब्द न शब्द. मी अर्धेच दिले. सात वर्षांपूर्वी दाराशी अर्धे दिले आणि परवा पत्रात पुन्हा अर्धे दिले. तो म्हणाला, "पेगी आता तुझ्याकडे. आणि मेनासुद्धा."

एवढंच म्हणाला. आधी मशीन, मग तू. मशीनचं बोलताना आवाज स्वच्छ होता. तुझं नाव घेताना आवाज राहिला नव्हता, मला ओठांवरून कळलं. मग दारात तू आलीस, हातात पार्किंगची चिठ्ठी घेऊन. मला ते सांगता आलं नाही. मला वाटलं, सांगितलं की ते निभवावं लागेल. पेगी सांभाळणं सोपं होतं, ती पैसे कमवायची. बाईमाणसाला, वहिनीला, एकट्या पडलेल्या बाईला काय बोलतात ते मला येत नव्हतं. मी तुझ्या फाटकावरून रोज जायचो आणि रोज म्हणायचो, उद्या थांबू. मग घराला विक्रीची पाटी लागली आणि मी मनातून सुटलो. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

तू "तुझ्याकडे" या शब्दाचा अर्थ लिहिलास तेव्हा मी पत्र पालथं घालून ठेवलं. कारण मी त्या शब्दाचा अर्थ "माझी" असा धरला होता, आणि त्याच अर्थाने धरायचं तर तूही माझ्या मालकीची ठरतेस. म्हणजे अर्थ तो नव्हताच. "सांभाळ" असा होता, दोघींच्या बाबतीत. एकीला दर शनिवारी ग्रीस घातलं आणि दुसरीला वर्षाला एक रॉबिन पाठवला.

तुला सात वर्षं वाटत होतं की त्याला शेवटी मशीन आठवलं. तसं नाही, मेना. शेवटचा शब्द तुझं नाव होतं. ते मी दाबून ठेवलं. माफी माग म्हणालीस तर मागतो, पण मला वाटतं ती मागण्याइतकीही जागा मी ठेवलेली नाही.

एक मात्र विचारतो, सात वर्षं उशिरा. मेना, मशीन वापरू का? भाडं तू सांगशील ते.

गेथिन

---

अबेरायरन,
३ एप्रिल

प्रिय गेथिन,

तुझं पत्र दारातच उघडलं, आणि कोट न काढता जिन्यात बसून वाचलं. खालच्या फिश-अँड-चिप्सच्या दुकानातला पोरगा वर येऊन बघून गेला, कारण मी मोठ्याने रडत होते म्हणे. मला ते ऐकू आलं नाही. बहिरेपणाचे असे फायदे असतात.

रडून झाल्यावर मला राग आला आणि तो मी पूर्ण दोन तास केला. तुझ्यावर, मग एम्रिसवर. "आणि मेनासुद्धा" म्हणे! आधी मशीन, मग बायको. यादी करतानासुद्धा त्याला क्रम कळला नाही. बिलातही मी त्याला हेच सांगायचे, माणूस आधी, यंत्र नंतर, तर म्हणायचा, "एकूण तेवढंच होतं ना?" मग मला हसू आलं. सात वर्षांनी त्याचा आवाज मला नीट ऐकू आला, तुझ्या अक्षरात.

तेव्हा एक गोष्ट पक्की लिहून ठेव. मी कुणाकडे नाही. मी अबेरायरनला आहे. माझा फ्लॅट आहे, माझी पेन्शन आहे, बंदरावरच्या तीन दुकानांची बिलं मी बघते आणि त्यांच्यात कुणाचीही मला खोटा कागद मागायची छाती नाही. मला सांभाळायला कुणी नको. पण माणसाने दार वाजवलं तर मी उघडते. घंटी ऐकू येत नाही, म्हणून दिवा लावून घेतलाय, घंटी दाबली की तो लुकलुकतो. गेल्या महिन्यात तो दोनदा लागला, दोन्ही वेळा पोस्टमन होता.

माफी मागू नकोस. तू मला जे परत दिलंस त्याची किंमत पेगीपेक्षा जास्त आहे. उशीर केलास, हे मात्र आयुष्यभर ऐकवणार आहे.

आता धंद्याचं.

वापर. विचारलंस म्हणून हो म्हणते. भाडं दिवसाला नव्वद पौंड. ग्लिनपेक्षा कमी, कारण साखळ्या तू घातल्यास, आणि फुकट नाही, कारण फुकट दिलं तर ते भाडं नाही. सात वर्षांचं मागचं भाडं आणि तुझे नऊ हजार, फिट्टंफाट. बिस्किटांचा डबा जपून ठेव. भाडं माझं उत्पन्न होणार, मी ते माझ्या कर-पत्रकात दाखवणार, आणि तू तुझ्या बिलात नव्वदच लिहायचे, एकशे तीस नाही. कागद सोबत जोडलाय, माझ्या अक्षरात, सहा एप्रिल या खऱ्या तारखेचा. त्यात "ऑपरेटरशिवाय" हा शब्द दोनदा अधोरेखित केलाय. मशीन ऑपरेटरसकट भाड्याने दिलं की सगळी रक्कम मजुरीत जाते, हे मिस टॅल्बट तुला सांगेलच. ती मुलगी मला आवडली.

पैसे बँकेतून पाठव, त्याचा माग राहतो. पावती मात्र पोस्टाने मिळणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी इथे येऊन स्वतः न्यायची. सव्वा तासाचा रस्ता आहे. त्या दिवशी मटणाचं सूप असतं. चिखलाचे बूट जिन्यात काढायचे. आणि येण्याजाण्याचं डिझेल बिलात दाखवायचं नाही, त्याला नियमात जागा नाही.

तुझी भावजय,
मेना

---

पावती क्रमांक १

अबेरायरन, शनिवार, ४ मे २०२४

मिळाले: खोदाईचं मशीन, नाव पेगी, फ्रेम नंबर ४४१७-०९३, याचं एप्रिल महिन्याचं भाडं. सतरा दिवस, दररोज नव्वद पौंड. एकूण एक हजार पाचशे तीस पौंड, बँकेतून.

मजुरी: तीन ताटं, एक मोठं पातेलं घासलं. आकारणी नाही.

मशीन कुणाचं: मेना प्रॉसर हिचं.

मशीन कुणाकडे: गेथिनकडे.

गेथिन कुणाकडे: आज दुपारी बारापासून माझ्याकडे. सूप दोनदा घेतलं, खुर्चीत झोपला, साडेपाचला उठवून हातात ही पावती दिली.

दुसरी पावती एक जूनला. डावीकडची घंटी दाब, उजवीकडची दुकानाची आहे.

मेना प्रॉसर